कॅक्टसच्या बुडाशी गेलेला चेंडू

फेब्रुवारी २०१४ मधील त्या सोमवारी पहाटे पुण्यात चांगलीच थंडी होती. घरातील सगळे गाढ झोपलेले असल्यामुळे मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, खांद्यावर शाल घेऊन, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुरू असलेला, गोल्फच्या ‘मॅच प्ले’ या प्रकारातला एक अंतिम सामना पाहत होतो. तिकडे अजून रविवारच होता आणि ऊन उतरत आले होते. टूसॉन शहराच्या उत्तरेला डव्ह माउंटन नावाच्या भागात, जॅक निक्लस यांनी आखलेल्या मैदानावर, ऑस्ट्रेलियाचा जेसन डे आणि फ्रान्सचा व्हिक्टर द्युब्विसाँ हे दोघेच उरले होते. बुधवारी ६४ खेळाडूंनी सुरुवात केली होती, त्यांपैकी ६२ जण एकेक करून घरी परतले होते.

मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी, म्हणजे होलांपैकी, सोळा संपले तेव्हा डे दोन होलने पुढे होता, म्हणजे त्याने दोन होल अधिक जिंकले होते. आता उरलेल्या दोनपैकी एक होल नुसता बरोबरीत सुटला असता तरी सामना त्याचा होता. या अवस्थेला गोल्फमध्ये ‘डॉर्मी’ म्हणतात. पुढे असलेल्या खेळाडूचा पराभव त्या नियोजित होलांमध्ये तरी शक्य नसतो. द्युब्विसाँने सतराव्या होलवर बर्डी केली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतला. अठराव्यावर त्याने पार केला (ठरलेले तेवढेच फटके) आणि डेला बोगी पडली (एक फटका जास्त). सामना बरोबरीत आला आणि दोघे पुन्हा पहिल्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, जाऊन उभे राहिले, कारण आता जो आधी एक होल जिंकेल तो विजेता ठरणार होता.

या एकोणिसाव्या होलवर द्युब्विसाँचा दुसरा फटका ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, ओलांडून पलीकडच्या वाळवंटात गेला आणि चेंडू चोया जातीच्या कॅक्टसच्या अगदी बुडाशी जाऊन थांबला. चोयाचे काटेरी तुकडे इतक्या सहज सुटतात की नुसते जवळून गेले तरी ते कपड्यांना आणि कातडीला चिकटतात, म्हणून तिकडचे लोक त्याला उड्या मारणारा कॅक्टस म्हणतात. चेंडूच्या खाली रेती आणि खडे होते, मागे काटे होते, आणि बॅट फिरवायला धड जागा नव्हती. (गोल्फच्या काठीला, म्हणजे क्लबला, मी बॅट म्हणालो, त्याबद्दल जाणकारांनी रागावू नये, आमच्या घरात आई शेवटपर्यंत त्याला बॅटच म्हणत असे.) डेला पार जवळजवळ खात्रीची होती. मी मनाशी म्हटले, संपले. द्युब्विसाँ फार विचार करत बसला नाही. त्याने वेज, म्हणजे चेंडू उंच उचलणारी तिरप्या पात्याची काठी, उचलली, काट्यांतूनच ती सपकन खाली आणली, आणि धुळीचा एक लोट उडवत चेंडू बाहेर येऊन ग्रीनवर होलच्या जवळ जाऊन थांबला. तेवढा पुट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, त्याने घातला आणि होल बरोबरीत सुटला.

विसाव्या होलसाठी त्यांना नवव्या होलवर नेले. तेथे द्युब्विसाँचा चेंडू पुन्हा वाळवंटात गेला, या वेळी वाळक्या झुडपात. त्याने पुन्हा तसाच जोरकस फटका मारला, आणि चेंडू पुन्हा झाडोऱ्यातून वाट काढत ग्रीनवर आला. डे हसला. त्या हसण्यात चीड नव्हती; ज्याच्या विरुद्ध आपण खेळतो आहोत त्यानेच समोर काहीतरी अशक्य करून दाखवावे आणि आपण ते सर्वांत जवळून पाहावे, असे ते हसणे होते. पुढचे दोन होलही बरोबरीत गेले. अखेर तेविसाव्या होलवर, म्हणजे मैदानाच्या पंधराव्या, लहानशा पार चारच्या होलवर, डेने चिप, म्हणजे ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका, अगदी जवळ आणून ठेवली आणि त्या बर्डीने सामना संपला. मी टीव्ही बंद केला तेव्हा बाहेर दूधवाल्याची सायकल वाजत होती.

जिंकणाऱ्या डेला पंधरा लाख तीस हजार डॉलर मिळाले. तो तेव्हा २६ वर्षांचा होता. तीनच महिन्यांपूर्वी फिलिपिन्समध्ये आलेल्या हैयान वादळात त्याने आपल्या आईकडचे आठ नातलग गमावले होते. द्युब्विसाँ २३ वर्षांचा होता, आणि त्या आठवड्याआधी अमेरिकेतील सामान्य प्रेक्षकांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. मी इतकी वर्षे गोल्फ पाहत आलो आहे. मोठ्या स्पर्धांचे विजेते मला पुष्कळदा आठवत नाहीत, परंतु त्या पहाटेचे हे दोन फटके मी विसरलेलो नाही. त्याचे कारण त्या खेळाच्या प्रकारात आहे, असे मला वाटते, आणि हा लेख त्या प्रकाराविषयीच आहे.

गोल्फच्या नेहमीच्या व्यावसायिक स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात, चार दिवसांत ७२ होल होतात आणि ज्याच्या फटक्यांची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. याला स्ट्रोक प्ले म्हणतात. त्यात खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी मैदान असते. ज्याच्याशी आपली चुरस आहे तो कदाचित तीन होल मागे कोठेतरी खेळत असतो आणि त्याचे काय चालले आहे हे आपल्याला फलकावरून कळते. मॅच प्लेमध्ये मात्र दोघेच असतात आणि प्रत्येक होल ही वेगळी कुस्ती असते. कमी फटक्यांत होल पुरा करणारा तो होल जिंकतो, फटके सारखे झाले तर होल बरोबरीत सुटतो, आणि पुढच्या टीवर सारे पुन्हा नव्याने सुरू होते. एखाद्या होलवर दहा फटके लागले तरी जातो तो एकच होल. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तेथेच थांबतो. ‘तीन आणि दोन’ असा निकाल म्हणजे दोन होल शिल्लक असताना विजेता तीनने पुढे होता.

द्युब्विसाँने कॅक्टसमधून फटका मारला तो या हिशेबातून. दंडाचा एक फटका स्वीकारून चेंडू बाहेर काढला असता तर होल बहुधा हातचा जाणार आणि त्याबरोबर सामनाही जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. स्ट्रोक प्लेमध्ये बरोबरी झाल्यावर प्लेऑफ, म्हणजे जादा होलांचा सामना, होतो तेव्हाही असा प्रसंग येतो, हे खरे आहे. पण तो चार दिवसांच्या शेवटी, आलाच तर येतो. मॅच प्लेमध्ये ही निवड पहिल्या दिवशी, पहिल्या होलवरही करावी लागते. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पाण्यात गेला असेल तर आपण सरळ, बेताचा फटका मारावा. त्याने चेंडू होलपासून हातभर अंतरावर ठेवला असेल तर आपण होलमधल्या झेंड्यावरच चालून जावे. आपल्या प्रत्येक फटक्याचा अर्थ समोरच्याच्या फटक्याने ठरतो.

गोल्फमध्ये स्ट्रोक प्ले पूर्वीपासून आहे, परंतु अमेरिकेतील व्यावसायिकांची मोठी स्पर्धा, पीजीए चॅम्पियनशिप, १९१६ मध्ये सुरू झाली ती मॅच प्ले म्हणूनच. न्यूयॉर्कजवळच्या सिवॉनॉय क्लबवर झालेल्या त्या पहिल्या अंतिम सामन्यात जिम बार्न्सने जॉक हचिसनचा एका होलने पराभव केला. वॉल्टर हेगनने १९२४ ते १९२७ अशी सलग चार वर्षे ही स्पर्धा जिंकली. चार वर्षे सलग बाद फेरीच्या स्पर्धेत एकदाही न हरणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणेही अवघड आहे. १९५८ मध्ये मात्र ही स्पर्धा स्ट्रोक प्ले झाली, आणि त्यामागचे एक मोठे कारण टीव्ही हे होते. बाद फेरीत नामवंत खेळाडू बुधवारी किंवा गुरुवारी हरून निघून जाऊ शकतो आणि रविवारी कॅमेऱ्यासमोर दोन अपरिचित माणसे उरू शकतात. शिवाय सामना बाराव्या होलवर संपला तर उरलेल्या वेळेत दाखवायचे काय, हा प्रश्न राहतोच. हे कारण लक्षात ठेवावे, कारण पुढे ५७ वर्षांनी तेच पुन्हा समोर आले.

इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या वेंटवर्थ येथे १९६४ मध्ये वर्ल्ड मॅच प्ले सुरू झाली, ती मोजक्याच निमंत्रितांची, आणि सामने ३६ होलांचे, म्हणजे सकाळी अठरा व दुपारी अठरा. पहिल्या वर्षी अर्नोल्ड पामर जिंकला. त्यानंतरच्या वर्षी गॅरी प्लेयर आणि टोनी लेमा यांचा जो उपांत्य सामना झाला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मॅच प्लेविषयीचा कोणताही लेख पुरा होऊ नये असे मला वाटते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेमा सहा होलने पुढे होता. तो आदल्याच वर्षी सेंट अँड्रूज येथे ब्रिटिश ओपन जिंकलेला, डौलदार फटक्यांचा खेळाडू होता. दुपारचा पहिला होलही त्यानेच जिंकला. सात होलची पिछाडी आणि सतरा होल शिल्लक, अशा स्थितीतून प्लेयरने एकेक होल परत मिळवत सामना बरोबरीत आणला आणि सदतिसाव्या होलवर तो जिंकला. स्ट्रोक प्लेमध्ये शेवटच्या फेरीत आघाडी गमावणारा खेळाडू बहुधा स्वतःच कोसळतो. येथे मात्र लेमाला प्रत्येक होलनंतर त्याच माणसाबरोबर, त्याच्या पावलांचा आवाज ऐकत, पुढच्या टीपर्यंत चालत जावे लागले. त्या दुपारचा विचार करताना मला जिंकलेल्या प्लेयरपेक्षा लेमाच अधिक आठवतो. पुढच्याच वर्षी तो विमान अपघातात गेला.

डे आणि द्युब्विसाँ जी स्पर्धा खेळत होते ती जागतिक मालिकेतील मॅच प्ले अजिंक्यपद स्पर्धा. ती १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील ला कोस्टा येथे सुरू झाली. रचना अगदी साधी होती: जागतिक क्रमवारीतील ६४ खेळाडू, पहिला विरुद्ध चौसष्टावा, दुसरा विरुद्ध त्रेसष्टावा, आणि हरला तो बाहेर. पहिल्याच वर्षी चोविसावे मानांकन असलेला जेफ मॅगर्ट आणि पन्नासावे मानांकन असलेला अँड्रू मॅगी अंतिम फेरीत आले, आणि ३६ होलांच्या त्या सामन्याचा निकाल अडतिसाव्या होलवर, मॅगर्टने ग्रीनच्या बाहेरून थेट होलमध्ये घातलेल्या चिपने लागला. २००२ मध्ये तर पहिल्याच दिवशी टायगर वुड्स, फिल मिकलसन आणि डेव्हिड डुव्हल हे पहिले तिन्ही मानांकित हरले, आणि बासष्टावे मानांकन असलेला केव्हिन सदरलँड विजेता ठरला.

ज्यांना हे दैवाचे खेळ वाटतात त्यांना मी दोष देणार नाही. अठरा होल हे फार लहान अंतर आहे आणि या पातळीवरच्या दोन खेळाडूंमधला फरक तेवढ्या अंतरात दिसेलच असे नाही. वुड्ससारखा खेळाडू, ज्याने ही स्पर्धा २००३, २००४ आणि २००८ अशी तीन वेळा जिंकली, तो ऑस्ट्रेलियाच्या निक ओहर्नकडून दोनदा हरला. ओहर्न डावखुरा होता, लांब पल्ल्याचे फटके त्याच्याकडे नव्हते, पण चेंडू सरळ जायचा आणि पुट पडायचे. २००७ मध्ये त्यांचा सामना अठरा होलांनंतर बरोबरीत होता आणि एकोणिसाव्या होलवर वुड्सकडे जिंकण्यासाठी जेमतेम चार फुटांचा पुट होता. त्या वाटेवर ग्रीनमध्ये चेंडू पडून झालेला एक लहानसा खळगा होता आणि तो त्याच्या लक्षात आला नाही. पुट हुकला, विसावा होल ओहर्नने घेतला, आणि पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, सलग सात स्पर्धा जिंकलेल्या वुड्सची मालिका तेथे थांबली. असा पुट तो शंभरात क्वचित चुकत असेल. पण समोर दुसरा माणूस उभा असताना, आता सामना संपलाच असे मनात आलेले असताना, ग्रीनकडे पुन्हा एकदा वाकून पाहायचे राहून जाते. हे दैव नाही. हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तो पाहण्यासाठी मी पहाटे उठतो.

याच्या नेमके उलट उदाहरणही वुड्सचेच आहे. २००६ मध्ये पहिल्या फेरीत त्याची गाठ स्टीफन एम्सशी होती. वुड्सचे टीवरून मारलेले फटके सध्या कोठे जात आहेत यावर एम्सने सामन्याआधी काहीतरी बोलून ठेवले. वुड्सने पहिले नऊच्या नऊ होल जिंकले, दहावा बरोबरीत सुटला आणि सामना तेथेच संपला: नऊ आणि आठ. अठरा होलांच्या सामन्यात यापेक्षा मोठा विजय जवळजवळ शक्यच नसतो. स्ट्रोक प्लेमध्ये त्या बोलण्याचे उत्तर असे देण्याची सोयच नाही.

आता मॅच प्लेमधील एका गोष्टीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ती खेळणाऱ्यांखेरीज कोणाला फारशी माहीत नसते. ती म्हणजे पुट देणे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू होलच्या इतका जवळ असेल की तो चुकणे शक्यच नाही, तर आपण त्याला तो पुट खेळायला न लावता ‘दिला’ असे म्हणू शकतो आणि तो चेंडू उचलून घेतो. नियमाप्रमाणे दिलेला पुट परत घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला नाकारताही येत नाही. किती अंतरापर्यंत द्यायचा याचा मात्र कोणताही नियम नाही. ते पूर्णपणे देणाऱ्याच्या मनावर असते, आणि म्हणूनच त्यात सौजन्य, डावपेच आणि कधीकधी कटुता हे सारे एकत्र नांदते.

मी ज्या क्लबवर खेळतो तेथे दर हिवाळ्यात सभासदांची मॅच प्ले स्पर्धा असते. कॅडींच्या, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांच्या, खोलीबाहेरच्या फलकावर हाताने आखलेला तक्ता लावतात आणि दर रविवारी संध्याकाळी हरलेल्यांच्या नावांवर रेघ ओढतात. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या फेरीत माझी गाठ माझ्या एका जुन्या स्नेह्याशी पडली. सोळाव्या ग्रीनवर त्याचा चेंडू होलपासून दोन फुटांवर होता आणि मी तो सहज देऊन टाकला. सतराव्यावर माझा चेंडू त्याहूनही जवळ थांबला. मी त्याच्याकडे पाहिले, तो समोरच्या झाडांकडे पाहत राहिला. मी तो पुट खेळलो आणि चुकलो. चेंडू होलच्या डाव्या कडेवर फिरून बाहेर आला. तो होल गेला आणि सामनाही गेला. बॅग उचलताना माझे कॅडी काका, ज्यांनी त्या मैदानावर माझ्या वयाइतकी वर्षे घालवली आहेत, एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, दिलेलं मोजायचं नसतं. मोजलंत म्हणून हात थरथरला.’’ त्या स्नेह्याने नियमाविरुद्ध काहीही केले नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. तरी मला ते लागले, आणि पुढचे दोन महिने आम्ही एकत्र चहा घेतला नाही, हे मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

म्हणूनच २०१९ चा मॅट कूचर आणि सर्हिओ गार्सिया यांचा उपांत्यपूर्व सामना पाहताना मला त्या दोघांविषयीही सारखेच वाईट वाटले. टेक्सासमधील ऑस्टिन येथे, सातव्या होलवर, गार्सियाला होल जिंकण्यासाठी सात फुटांचा पुट होता. तो चुकला आणि चेंडू होलच्या पलीकडे काही इंचांवर थांबला. तेवढा पुट कोणीही दिला असता, आणि गार्सियाने ते गृहीत धरले. चिडून त्याने पटरच्या, म्हणजे पुट मारण्याच्या काठीच्या, मागच्या बाजूने चेंडूला टोला मारला आणि तो टोला होलमध्ये पडला नाही. कूचरच्या तोंडून ‘दिला’ हा शब्द अजून निघालेला नव्हता. पुट मागाहून देता येत नाही, त्यामुळे तो टोला खरा फटका ठरला आणि होल कूचरचा झाला. अशा रीतीने होल जिंकण्याची आपली इच्छा नव्हती असे कूचरने पंचांना सांगितले. त्यावर गार्सियाने सुचवले की, मग पुढचा एखादा होल मला द्यावा, आणि नियमाने तशी मुभा आहेही. परंतु कूचरने तसे केले नाही. सामना त्याने दोन होलने जिंकला.

त्यानंतर पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणाले, गार्सियाने वाट पाहायला हवी होती. कोणी म्हणाले, कूचरने होल परत द्यायला हवा होता. मला स्वतःला असे वाटते की गार्सियाची चूक नियमाची होती आणि तिची शिक्षा त्याला मिळाली, तेथे विषय संपायला हवा होता. परंतु दुसऱ्या बाजूने मला ते पुरते पटतही नाही, कारण कूचरने पंचांजवळ हळहळ व्यक्त करून होल मात्र स्वतःकडे ठेवला. एक तर हळहळू नये, नाही तर परत द्यावे. या प्रश्नावर माझी आणि माझ्या मुलाची जेवणाच्या ताटावर जी चर्चा झाली तेवढी कोणत्याही स्ट्रोक प्ले स्पर्धेवर आमच्या घरात कधी झालेली नाही.

ऑस्टिनला ही स्पर्धा गेली तोपर्यंत तिचे रूप बदललेले होते. २०१५ पासून पहिले तीन दिवस साखळी पद्धत आली: चार-चार जणांचे सोळा गट, प्रत्येकाचे तीन सामने, आणि गटातील पहिला पुढे बाद फेरीत. हेतू उघड होता, आणि तो १९५८ चाच होता. बुधवारी हरलेला मोठा खेळाडू निदान शुक्रवारपर्यंत मैदानावर राहावा. या पद्धतीचे काही फायदे नक्कीच झाले. दूरवरून आलेल्या खेळाडूला एका सामन्यासाठी अर्धे जग ओलांडावे लागले नाही. आपला शुभंकर शर्मा २०१८ मध्ये तेथे खेळला तेव्हा त्यालाही तीन सामने मिळाले. परंतु पहिल्या दिवसाची धार गेली. पूर्वी बुधवारी ३२ सामने असत आणि रात्री ३२ जण आपापल्या सामानासह विमानतळावर असत. साखळीत गुरुवारी हरलेला खेळाडू शुक्रवारी गणित मांडत बसतो: हा हरला आणि तो बरोबरीत सुटला तर आपल्याला संधी आहे. हरूनही पुढे जाता येते ही सोय ज्या खेळात आली, त्यात कॅक्टसमधून फटका मारण्याची गरजच कमी होते. माझ्या मते स्पर्धा तेव्हाच अर्धी गेली होती.

पीट डाय यांनी आखलेले ऑस्टिनचे मैदान मात्र या खेळाला फार शोभून दिसत असे. एका बाजूला तलाव, वर पेनीबॅकर पुलाची तांबूस कमान, आणि धाडस करणाऱ्याला जिंकवणारे किंवा बुडवणारे होल. २०१७ मध्ये तेथे डस्टिन जॉन्सनने जॉन राहमला एका होलने हरवले, आणि सातही सामन्यांत जॉन्सन एकदाही पिछाडीवर पडला नाही. २०२३ चा शेवटचा रविवार तर जुन्या दिवसांना साजेसा होता. सकाळच्या उपांत्य सामन्यांत सॅम बर्न्सने आपल्या जिवलग मित्राचा, आदल्या वर्षीच्या विजेत्या स्कॉटी शेफलरचा, एकविसाव्या होलवर पराभव केला, तर कॅमेरॉन यंगने रोरी मॅकिलरॉयला एकोणिसाव्या होलवर हरवले. दुपारी बर्न्सने यंगवर सहा आणि पाच असा विजय मिळवला. त्यानंतर टूरच्या वेळापत्रकात ही स्पर्धा आली नाही. एकेकट्या पुरुष व्यावसायिकांची, जगातील अव्वल खेळाडूंना एकत्र आणणारी मॅच प्ले स्पर्धा त्या दिवसापासून उरलेली नाही. रायडर कप आहे, प्रेसिडेंट्स कप आहे, पण तेथे खेळाडू संघासाठी खेळतो आणि हरला तरी त्याच्यामागे अकरा जण असतात. महिला व्यावसायिकांनी मात्र लास व्हेगासच्या शॅडो क्रीक मैदानावर हा प्रकार पुढेही चालू ठेवला, २०२५ मध्येही, आणि त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

द्युब्विसाँचे पुढे काय झाले, हे मला काही वाचक विचारतात. त्या पहाटेनंतर सात महिन्यांनी तो स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे युरोपकडून रायडर कप खेळला, ग्रेम मॅक्डॉवेलच्या जोडीने दोन्ही सामने जिंकला, आणि एकेरीतही हरला नाही. २०१५ मध्ये त्याने तुर्कस्तानातील ओपन दुसऱ्यांदा जिंकले. नंतर तो हळूहळू दिसेनासा झाला, आणि २०२३ च्या अखेरीस, ज्या वर्षी ही स्पर्धा बंद झाली त्याच वर्षी, वयाच्या ३३ व्या वर्षी त्याने व्यावसायिक स्पर्धांमधून निवृत्ती घेतली.

आमच्या क्लबचा या हिवाळ्यातील तक्ता गेल्या आठवड्यात लागला. दुसऱ्या फेरीत माझी गाठ पुन्हा त्याच स्नेह्याशी आहे. रविवारी सकाळी पावणेसातला पहिला फटका मारायचा आहे, आणि कॅडी काकांना मी आजच निरोप पाठवला आहे.